घरच्या घरी एन्चिलाडा: बीफच्या जागी मटणाचा खिमा आणि सॉस आपल्या मिरच्यांचा

भिवापुरीवाली

एन्चिलाडा म्हणजे टॉर्टियात, मक्याच्या मेक्सिकन पोळीत, सारण गुंडाळून वर मिरचीचा सॉस घातलेला पदार्थ. तो करायचा म्हटलं की आपल्याकडे लोकं आधी चीज शोधायला निघतात, मग टॉर्टियाचं पाकीट, मग बाटलीतलं सॉस, आणि बिल बघून म्हणतात जाऊ दे, एवढ्यात तर बाहेरच खाऊ. मला हे पटत नाही म्हणून हा धागा काढते आहे. या पदार्थाचा जीव चीजमध्ये नाही आणि मटणातही नाही, तो लाल मिरचीच्या सॉसमध्ये आहे. वाळली मिरची भाजून भिजवून वाटणं नागपुरातल्या घराला कुणी शिकवायला पाहिजे असं थोडीच आहे!

आधी बीफचं सांगून टाकते कारण तो प्रश्न येणारच. टेक्सासकडच्या रेसिपीत बीफचा खिमा असतो. आपल्या राज्यात मार्च २०१५ पासून गाय, बैल, वळू तिन्हींची कत्तल बंद आहे, म्हशीच्या मांसाला बंदी नाही. आमच्या घरी मटणाचा खिमा वापरतात आणि तो सॉसबरोबर फार छान जातो. चौघांसाठी अर्धा किलो भरपूर होतो.

सॉससाठी पंधराएक ब्याडगी आणि तीन-चार भिवापुरी. ब्याडगी रंगासाठी, भिवापुरी चवीसाठी, आपल्याच जिल्ह्यातली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली मिरची घरात असताना परदेशी पाकीट कशाला शोधायचं. दोन्ही इतवारी बाजारात सुट्या मिळतात, देठासकट आणि हाताला थोड्या लवचिक लागतील अशा बघून घ्यायच्या, कुरकुरीत मोडणाऱ्या जुन्या असतात. देठ आणि बिया काढा, तवा मध्यम तापवा आणि मिरच्या दाबून दाबून दोन्ही बाजूंनी काही सेकंदच शेका, वास सुटला की लगेच उचला. काळे डाग पडले की सॉस कडू होतो आणि मग त्यात गूळ घाला नाहीतर साखर घाला, तो कडवटपणा जात नाही. शेकलेल्या मिरच्या गरम पाण्यात वीस मिनिटं झाकून ठेवा. त्याच तव्यावर तीन टोमॅटो, अर्धा कांदा आणि सहा-सात लसूण पाकळ्या सालासकट भाजून घ्या, टोमॅटोला डाग पडले तरी चालतात. मग मिरच्या, टोमॅटो, कांदा, सोललेला लसूण, चमचाभर जिरं, थोडं ओरेगानो आणि चार-पाच मनुका, सगळं मिक्सरमधून एकदम गुळगुळीत काढा. मनुका यासाठी की मेक्सिकोच्या आंचो मिरचीला जो फळासारखा गोडसर वास असतो तो आपल्या मिरचीत नाही. भिजवलेलं पाणी आधी चाखा, कडू लागलं तर फेका, नाहीतर तेच वापरा.

आता खरं काम. वाटण गाळण्यातून गाळून घ्या, कढईत दोन चमचे तेल चांगलं तापवा आणि वाटण एकदम ओता. चरचर आवाज यायलाच पाहिजे. पाच मिनिटं परता, रंग गडद होईल, मग दोन कप पाणी किंवा मटणाचं पाणी घालून दहा-पंधरा मिनिटं मंद उकळू द्या. चमच्याच्या पाठीवर चिकटून राहील इतपत दाट ठेवायचा. मीठ शेवटी.

खिमा अगदी साधा. कांदा, लसूण, खिमा, जिरेपूड, मिरी, मीठ, वरून त्याच सॉसमधले चार चमचे. कुकरला दोन-तीन शिट्ट्या करून झाकण काढल्यावर सगळं पाणी आटवायचं, खिमा कोरडा पाहिजे. रस्सा राहिला की टॉर्टिया आतूनच विरघळते.

टॉर्टिया भरायची, गुंडाळायची, भांड्यात जोडीनं लावायची, सॉस ओतायचा, वर चीज, १८० अंशावर पंधरा ते वीस मिनिटं. टॉर्टियाबद्दल मुद्दाम लिहिलं नाही, तिथे माझ्यापेक्षा जाणकार इथे आहेत.

महालचा_खवय्या

ताई एकदम बरोबर बोलल्या. पण एक सांगा, खिम्यात सावजी मसाला घातला तर काय बिघडते? आमच्याकडे खिमा म्हटला की तोच मसाला पडते, पोट्ट्यांना पण तीच चव पाहिजे.

भिवापुरीवाली

खवय्या भाऊ, सावजी मसाल्यावर माझंही तेवढंच प्रेम आहे, पण इथे नको. त्यात दगडफूल, काळी मिरी, लवंग, सुंठ, खसखस असं सगळं असते आणि त्याला तर्री लागते, भाकरी लागते. एन्चिलाडाचा सॉस दोन-तीन गोष्टींवर उभा आहे, मिरची, लसूण, जिरं. गरम मसाल्याची एक चिमूट गेली की मिरचीची चव मागे पडते आणि मग तुम्ही सावजी खिमा पोळीत गुंडाळून चीज घातल्यासारखं होते. तो वेगळा पदार्थ म्हणून करा ना, छान लागेल, फक्त त्याला दुसरं नाव द्या.

ऑस्टिनकर_नागपूरकर

धरमपेठेत वाढलो, आता बरीच वर्षं टेक्सासमध्ये आहे, म्हणून इकडची बाजू लिहितो. इथे घरोघरी जो बीफ एन्चिलाडा होतो तो टेक्स-मेक्स आहे, म्हणजे टेक्सासमध्ये रुळलेली मेक्सिकन पद्धत, मेक्सिकोतला नाही, आणि दोन्हींचं सॉस वेगळं असतं. भिवापुरीवाली ताईंनी लिहिलं ते मेक्सिकोच्या पद्धतीचं आहे, मिरची वाटून तेलात तळलेलं. टेक्सासचं जे आहे त्याला इथे चिली ग्रेव्ही म्हणतात. तेलात किंवा चरबीत मैदा बदामी होईपर्यंत भाजायचा, त्यात चिली पावडर, जिरं, लसूण, आणि मग बीफचा स्टॉक घालून दाट करायचं. चवीला जिऱ्याकडे जास्त झुकलेलं असतं.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा नाहीतर जेवण वाया जाईल. अमेरिकन रेसिपीत तीन टेबलस्पून चिली पावडर लिहिलेलं असतं आणि आपली माणसं तेवढं लाल तिखट टाकतात. इकडची चिली पावडर म्हणजे मिश्रण, सौम्य मिरचीत जिरं, लसूण, ओरेगानो घातलेलं. माझ्या घराजवळच न्यू ब्राउनफेल्स म्हणून गाव आहे, तिथे विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन माणसानं १८९० च्या दशकात ते विकायला सुरुवात केली. घरी करायचं तर ब्याडगीची पूड दोन भाग, जिरेपूड एक भाग, लसूण पावडर अर्धा आणि ओरेगानो अर्धा, झालं.

इथे दुकानात खिमा ८०-२० म्हणून मिळतो म्हणजे २० टक्के चरबी, म्हणून तो कोरडा पडत नाही. तुम्ही मटण घेताना खाटकाला सांगा की थोडी चरबी राहू दे, आणि खांद्याचं घ्या, मांडीचं फार कोरडं होतं.

सदरवाला

म्हशीच्या खिम्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, आमच्याकडे तोच असतो. बीफच्या सगळ्यात जवळ चव जाते ती याचीच. फक्त यात चरबी कमी असते आणि रंग जास्त गडद असतो. ८०-२० च्या हिशोबानं केला तर रबरासारखा होतो. आम्ही अर्ध्या किलोला तीन मोठे चमचे तेल घेतो, कांदा दुप्पट घेतो, आणि खिमा मोठ्या आचेवर आधी लालसर करतो. भांड्यात गर्दी करायची नाही नाहीतर पाणी सुटून तो शिजतो, भाजला जात नाही, आणि भाजलेली चव हीच सगळी मजा आहे. मग पाणी घालून झाकून चाळीस-पंचेचाळीस मिनिटं मंद, किंवा कुकरला पाच-सहा शिट्ट्या. मोमीनपुऱ्यात ओळखीच्या दुकानातून घ्या आणि तुमच्यासमोर मशीनमधून काढून घ्या, आधीच काढून ठेवलेला घेऊ नका, उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

गोकुळपेठची_सून

माझा प्रश्न टॉर्टियाचा. बाजारातून मक्याचं पीठ आणलं, कोमट पाण्यात मळलं तर गुंडाळताना फुटतंच फुटतं. कणकेची पोळी घेतली तर ओव्हनमधून निघेपर्यंत लगदा. मग करायचं काय? आणि ती आपली लंबी रोटी, मटक्यावर करतात ती, चालेल का? घरी पोट्टे दोन आहेत, एक सासरे पथ्याचे, म्हणून फार भानगडी जमणार नाहीत.

मक्याचा_दाणा

लंबी रोटी नका वापरू, फार पातळ आणि नाजूक असते, सॉस पडला की विरून जाईल. ती रश्श्यात बुडवून खायलाच बनली आहे.

मका का फुटतो ते सांगतो, कळलं की उपायही आपोआप कळतो. गव्हात ग्लूटेन असतं ते पिठाला धरून ठेवतं, मक्यात ते नाही. मग मेक्सिकोत मक्याची टॉर्टिया घडी घातली तरी फुटत नाही ती कशी? कारण ते मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात. चुन्यानं दाण्याचं साल सुटतं, दाण्याच्या भिंतीतला चिकट भाग मोकळा होतो आणि पीठ एकमेकांना धरतं. ही पद्धत तीन हजार वर्षांहून जुनी आहे. आणि फायदा चवीपुरता नाही, मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व आपल्या शरीराला फारसं मिळत नाही जोवर ते चुन्यानं मोकळं होत नाही. मका युरोपात गेला पण ही पद्धत गेली नाही, म्हणून इटलीत आणि नंतर अमेरिकेच्या दक्षिणेत मक्यावर जगणाऱ्या गरीब लोकांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या कमतरतेचा आजार, होऊन हजारोंनी माणसं मेली. मला तर ही गोष्ट प्रत्येक शाळेत शिकवावी वाटते.

आता नागपुरात चुना मिळत नाही असं कुणी म्हणू शकत नाही, प्रत्येक पानठेल्यावर आहे. साधा पांढरा, खायचा, वास नसलेला चुना घ्यायचा, रंगकामाचा अजिबात नाही. अर्धा किलो वाळलेला मका, मधुमका नाही, दीड लिटर पाणी, आणि चुना सपाट चमचाभर, पानठेल्यावरचा ओला असेल तर थोडा जास्त. चुना आधी पाण्यात विरघळवा, मग मका घाला. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमचं नको कारण चुना त्याला खातो. उकळी आली की आच कमी करून अर्धा-पाऊण तास, दाणा दोन बोटांत चोळला की साल निघालं पाहिजे आणि आत अजून थोडा कडक लागला पाहिजे. झाकून रात्रभर तसंच ठेवा. सकाळी दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवा, सगळंच साल जायला पाहिजे असं नाही. मग वाटा. मिक्सरमध्ये थोडं थोडं आणि जमेल तेवढं कमी पाणी, इडलीचा ग्राइंडर असेल तर फारच छान. गोळा हाताला चिकटू नये आणि दाबला की कडा फाटू नयेत इतका मऊ हवा. दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये ठेवून पुरी दाबायच्या यंत्रात दाबा आणि तापल्या तव्यावर शेका, झाल्या की कापडात गुंडाळून ठेवा. वाफेतच त्या मऊ होतात, शेकल्या शेकल्या लगेच गुंडाळायला जाऊ नका.

एवढं करायला वेळ नसेल तर मक्याचं पीठ आणि कणिक समान, त्यात चमचाभर तेल, उकळतं पाणी घालून उकड काढल्यासारखं झाकून ठेवा, दहा मिनिटांनी मळा. चव टॉर्टियाची नाही येणार पण फुटणार नाही, आणि नुसत्या कणकेपेक्षा सॉसमध्ये जास्त टिकते. आणि डब्यातलं पांढरं कॉर्नफ्लोअर कृपया कुणी आणू नका, तो नुसता स्टार्च आहे.

ऑस्टिनकर_नागपूरकर

दाणा भाऊ, फार सुंदर लिहिलं. त्यात एक जोडतो. लगदा होऊ नये म्हणून इथे सगळेच टॉर्टिया आधी गरम तेलात पाच-सहा सेकंद एका बाजूनं, तेवढंच दुसऱ्या बाजूनं काढतात. कुरकुरीत होऊ द्यायची नाही, मऊच राहिली पाहिजे. तेलाचा थर बसला की सॉस आत शिरत नाही. फक्त ही एक पायरी केली तरी अर्धा प्रश्न सुटतो, लोकं तेल वाचवायला नेमकी तीच गाळतात.

महालचा_खवय्या

आमच्याकडे ओव्हन नाही जी. मग काय करायचं, हा पदार्थ विसरायचा?

मक्याचा_दाणा

मुळीच नाही भाऊ. मेक्सिकोत ठेल्यांवर जे एन्चिलाडा मिळतात त्यात बरेचदा ओव्हन नसतोच. टॉर्टिया मिरचीच्या सॉसमध्ये बुडवतात, तशीच लाल झालेली गरम तेलात उलटसुलट करतात, ताटात काढून भरतात, घडी घालतात, वर बारीक कांदा आणि कुस्करलेलं ताजं चीज, की दिलं हातात. सॉस तेलात गेल्यावर उडतो म्हणून कढई खोल घ्या आणि पोट्ट्यांना लांब ठेवा. ताज्या चीजच्या जागी आपलं घरचं पनीर मीठ लावून कुस्करलं की काम होते. मेक्सिकोतल्याच सान लुइस पोतोसी भागाकडे तर मिरची सॉसमध्ये न ठेवता पिठातच मळतात आणि टॉर्टियाच लाल होते. मला विचाराल तर ओव्हनपेक्षा हीच पद्धत चांगली, मिरचीची चव जास्त येते.

गोकुळपेठची_सून

अरे वा, हे तर फारच सोपं झालं. पण मुलांना वरून ओढलं की तार निघणारं चीज पाहिजे, त्याशिवाय ते हात लावणार नाहीत. आणि सोमवारी, श्रावणात आमच्याकडे नॉनव्हेज नाही, तेव्हा आत काय भरू?

भिवापुरीवाली

तार पाहिजे तर मोझरेला घ्या, चौकोनी क्यूबवालं प्रोसेस्ड चीज वितळते पण तार निघत नाही. अर्धं मोझरेला अर्धं चेडर केलं की तारही येते आणि चवही. पण हात आखडता ठेवा, चीज जास्त झालं की सॉसचा आंबट-तिखटपणा मरतो आणि पोट लगेच भरते.

श्रावणात राजमा. रात्री भिजवून कुकरला मऊ शिजवा, कांदा-लसणावर परता आणि मॅशरनं अर्धवट ठेचा, अख्खे दाणे मधेमधे लागले पाहिजेत. लसूण चालत नसेल तर जिरं आणि हिंग. लाल भोपळा किसून परतलेला राजम्यात फार छान जातो. राजमा, मका, मिरची, टोमॅटो, भोपळा सगळे तिकडूनच आपल्याकडे आले आहेत, त्यामुळे हे ताट कुठूनही ओढूनताणून आणलेलं वाटत नाही. हिरवा सॉस करायचा असेल तर तिकडच्या टोमॅटिलोच्या (टोमॅटोसारख्या हिरव्या आंबट फळाच्या) जागी कडक हिरवे कच्चे टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर. पावसाळ्यात ते आपल्याकडे चांगले मिळतात.

सासऱ्यांसाठी त्याच सॉसमधला थोडा भाग भिवापुरी न घालता नुसत्या ब्याडगीचा वेगळा काढा, मीठ कमी. आंबटपणा टोमॅटोचा आहेच, वरून बांधलेल्या दह्याचा चमचा.

रविवारची_तयारी

मी नोकरी करते, बुटीबोरीहून घरी पोचेपर्यंत साडेसात होतात, म्हणून आमच्याकडे हे कसं बसवलं ते लिहिते, कुणाला उपयोग होईल. सॉस रविवारी दुप्पट करते, फ्रीजमध्ये चार-पाच दिवस आरामात राहतो, आणि त्यावर तेलाचा थर राहू दिला तर अजून चांगला. उरलेला छोट्या डब्यांतून फ्रीजरला. खिमा मात्र आदल्या रात्री, त्याच्या आधी नाही, आणि गार झाला की लगेच फ्रीजमध्ये. आपल्या मे महिन्यात ओट्यावर विसरलेला खिमा तासाभरात बिघडायला लागते. संध्याकाळी घरी आले की सॉस गरम करायला ठेवते, नवरा टॉर्टिया तेलातून काढतो, मुलगी भरते, मी गुंडाळते. भाजायला ठेवल्यावर कांदा-कोथिंबीर-लिंबू चिरायचं, ताकाचा एक जग करायचा, आणि काढल्यावर पाच मिनिटं थांबायचं नाहीतर वाढताना सगळं सुटून येते. दमल्या दिवशी पण घरातले सगळे एका ओट्याशी उभे असतात, ते मला फार आवडते.

भरून ठेवायचं असेल तर सॉस न घालता ठेवा. सॉस घालून रात्रभर ठेवलेले सकाळी चमच्यानं खावे लागतात.

सदरवाला

ताई, सॉस फ्रीजरमध्ये किती दिवस चालते?

रविवारची_तयारी

दोन महिने तरी चव बदलत नाही. काढला की आधी फ्रीजमध्ये विरघळू द्या आणि एकदा चांगला उकळा, फुटलेला वाटला तर उकळताना घोटला की परत जुळून येतो. भरलेले एन्चिलाडा मी फ्रीजरला टाकत नाही, टॉर्टिया तडकते.

महालचा_खवय्या

धन्यवाद मंडळी. उद्या सकाळी ब्याडगी आणायला जातो, चुना तर कोपऱ्यावरच आहे. दाणा भाऊ, अर्ध्या किलो मक्याच्या किती होतील, आम्ही सहा जणं आहोत.

मक्याचा_दाणा

सहा इंची असतील तर पंचवीस ते तीस. सहा जणांना पुरून उरतात, उरलेल्या दुसऱ्या दिवशी तेलात कडक तळा आणि उरलेल्या खिम्यावर चुरा. आणि मका आज रात्रीच चुन्यात घाला, उद्या घातला तर जेवण परवावर जाईल.